घडीची ई-सायकल घेताय? मोटर आणि बॅटरी स्वतः कशी तपासायची

पुण्यात तापकीर गल्लीत एका बॅटरीवाल्या दादांनी माझ्या सायकलची बॅटरी उघडली तेव्हा आतून तीस सेल निघाले, निळं प्लॅस्टिक गुंडाळलेले, एकावरही कंपनीचं नाव नाही. बाहेरच्या स्टिकरवर छापलेलं ३६ व्होल्ट १०.४ एएच, म्हणजे अ‍ॅम्पिअर-आवर. दादांनी एक सेल सुटा करून मशीनला लावला, आणि मग म्हणाले, "ताई, हा बावीसशेचा, म्हणजे २.२ एएचचा सेल आहे. तीन-तीन जोडलेत, म्हणजे ६.६ झाले. १०.४ येणार कुठनं?"

म्हणजे आत जेवढा माल होता त्याच्या दीडपटीहून जास्त आकडा बाहेर छापलेला होता आणि मी त्या आकड्याचे पैसे मोजले होते. वाईट याचं वाटलं की हे कळायला बॅटरी उघडायची गरजच नव्हती. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लगेज काटा आणि भिंतीवरचं घड्याळ एवढ्यावर पहिल्याच दिवशी कळलं असतं, फक्त काय बघायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, घडीची हलकी ई-सायकल घ्यायच्या विचारात असाल, नवी किंवा सेकंडहँड, तर हे वाचून मगच पैसे द्या.

माझं सांगायचं तर मी कोथरूडला राहते, ऑफिस बावधनला, एकेरी सहा-सात किलोमीटर आणि मधे चांदणी चौकाचा चढ. बिल्डिंगला लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली पार्किंगला चार्जिंगचा पॉइंट नाही. म्हणजे सायकल रोज उचलायची. तुमचं गणित वेगळं असेल, म्हणून सुरुवात तिथनंच करू.

आधी चार आकडे लिहून काढा

रोज एकूण किती किलोमीटर, वाटेत चढ किंवा फ्लायओव्हर किती, दिवसातून किती वेळा उचलायची, आणि तुमचं वजन अधिक पाठीवरच्या सॅकचं वजन. एवढं झालं की दुकानदाराच्या बोलण्यात वाहून जायला होत नाही. वजनाचा मुद्दा खास घडीच्या सायकलींसाठी महत्त्वाचा, कारण घडी होते म्हणजे हलकी असते असं अजिबात नाही, जाड फॅट टायरच्या फोल्डिंग ई-सायकली मिळतात त्या गाडीच्या डिकीत टाकायला ठीक, जिन्यावरून न्यायला नाहीत. साध्या घडीच्या सायकलला मोटर लावली की साधारण दोन किलो मोटरचे, दोन-अडीच बॅटरीचे, वर मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर आणि वायरिंग, म्हणजे बारा किलोची सायकल सोळा-सतराला जाते. ब्रॉम्प्टनची इलेक्ट्रिक सायकल जगभर नावाजलेली आहे, ती पण साधारण १७ किलोची आणि त्यातली जवळपास ३ किलो नुसती बॅटरी, फक्त त्यांनी बॅटरी पुढच्या बॅगेत ठेवलीये म्हणून ती काढून खांद्याला लावता येते आणि सायकल दुसऱ्या हातात. ही कल्पना मला फार आवडते. बॅटरी सुटी होते का, किती सेकंदात होते आणि चावी लागते का, हे दुकानातच स्वतःच्या हाताने करून बघा.

दुकानात सायकल घडी करा, उचला आणि एक जिना चढून दाखवा. दुकानात जिना नसेल तर शेजारच्या बिल्डिंगचा चढा. कोणी हसलं तर हसू दे.

वॅट-आवर काढायला शिका

बॅटरीवर व्होल्ट आणि एएच असे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-आवर आणि पोटात किती इंधन आहे ते फक्त तोच आकडा सांगतो. ३६ गुणिले ७.८ म्हणजे २८० वॅट-आवर. २४ व्होल्ट १० एएच म्हणजे २४०. नुसतं "दहा एएचची मोठी बॅटरी आहे मॅडम" असं कोणी म्हणालं तर आधी व्होल्ट विचारा, कारण २४ व्होल्टचे दहा एएच हे ३६ व्होल्टच्या सात एएचपेक्षा कमीच भरतात.

आता यावरून किलोमीटर. माझा अनुभव असा की पॅडल मारत, मधल्या असिस्टवर (म्हणजे पॅडल मारताना मोटर करते ती मदत), शहरातल्या रस्त्यावर किलोमीटरमागे साधारण ८ ते १२ वॅट-आवर जातात. पाय न हलवता नुसत्या थ्रॉटलवर १५ ते २०. पूर्ण बॅटरी वापरायला मिळत नाही, थोडी शिल्लक राहतेच, म्हणून २८० पैकी २५० धरा. म्हणजे पॅडल मारत साधारण पंचवीस किलोमीटर, थ्रॉटलवर पंधरा. अशाच बॅटरीवर पन्नास-साठ किलोमीटर छापलेले असतात ते सपाट रस्ता, हलका माणूस, सगळ्यात कमी असिस्ट असं सगळं जुळून आलं तर. तो आकडा खोटाच असतो असं नाही, पण तुमच्या उपयोगाचा नाही.

माझं स्पष्ट मत आहे की हलक्या घडीच्या सायकलला २५० ते ३२० वॅट-आवरची चांगल्या सेलची बॅटरी पुरे. रोजचे पंधरा किलोमीटर असतील तर ४०० ची स्वस्त बॅटरी रोज जिन्यावरून वर ओढण्यात काही अर्थ नाही. लहान पण खरी बॅटरी घ्या.

बॅटरी वजनकाट्यावर ठेवा

हीच ती माझ्याकडून राहिलेली गोष्ट. या बॅटऱ्यांत बहुतेक वेळा १८६५० नावाचे सेल असतात, १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांब, पेन्सिल सेलपेक्षा जरा मोठे दिसतात. एका सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅम. एक सेल ३.६ व्होल्टचा, म्हणून ३६ व्होल्टसाठी दहा सेल एकापुढे एक लागतात, आणि असे दहाचे दोन, तीन किंवा चार संच शेजारी जोडतात. चांगल्यातला चांगला सेल साधारण ३.५ एएचचा असतो. म्हणजे ३६ व्होल्ट १०.४ एएच भरायचे तर एकतर २.६ चे चाळीस सेल हवेत, त्याचं नुसतं सेलचं वजन एक किलो नऊशेच्या आसपास, किंवा ३.५ चे महागडे तीस सेल. वर डबा, वायर, सर्किट यांचे तीन-चारशे ग्रॅम धरा.

माझी बॅटरी भरली १ किलो ६५० ग्रॅम. तेवढ्या वजनात १०.४ बसवायचे तर आत फक्त सर्वोत्तम सेल असायला हवेत आणि त्या किमतीत ते मिळणं शक्यच नव्हतं.

सोपा हिशोब असा करा, वॅट-आवरला किलोने भागा. माझ्या स्टिकरप्रमाणे ३७४ भागिले १.६५ म्हणजे किलोला २२७ आले. व्यवस्थित बांधलेली सायकलची बॅटरी साधारण १३० ते १८० मधे बसते. दोनशेच्या वर उत्तर आलं की सेल कुठल्या कंपनीचा, कुठला मॉडेल नंबर, ते लेखी मागा. खरा आकडा २३८ (३६ गुणिले ६.६) घातला तर उत्तर येतं १४४, म्हणजे काटा पहिल्यापासून खरंच सांगत होता. सीटच्या दांड्यात किंवा फ्रेमच्या नळीत बसवलेली बॅटरी असेल तर दांड्याचं लोखंड पण वजनात येतं हे लक्षात ठेवा, तिथे हा हिशोब ढोबळ समजा आणि पुढच्या चाचणीवर भर द्या.

चार्जर आणि घड्याळ

चार्जरच्या मागे बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, आधी ते वाचा. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीला ४२ व्होल्टचा चार्जर हवा, ४८ वालीला ५४.६ चा, आणि २४ म्हणून विकतात तिला २९.४ चा. यातला धोका असा की वेगवेगळ्या चार्जरची पिन एकसारखी असू शकते, ४८ चा चार्जर ३६ च्या बॅटरीत आरामात शिरतो आणि मग बॅटरी जास्त भरू न देणाऱ्या आतल्या बीएमएस सर्किटवर सगळा भरवसा. घरात दोन ई-सायकली असतील तर चार्जरला रंगीत टेप गुंडाळा, आजच.

आता चाचणी. बॅटरी चालवून चालवून सायकल बंद पडेपर्यंत संपवा, घरी आल्यावर अर्धा तास गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा आणि वेळ लिहा. बरेच चार्जर २ अ‍ॅम्पिअरचे असतात. ७.८ एएच भागिले २ म्हणजे चार तास, शेवटी चार्जर हळू होतो म्हणून अर्धा-पाऊण तास जास्त. १०.४ वालीला पाच ते सहा तास लागायला हवेत. माझ्या बॅटरीचा दिवा साडेतीन तासांत हिरवा झाला होता आणि मला तेव्हा "वा, किती लवकर चार्ज होते" असा आनंद झाला होता, घरी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं पण. लवकर भरते म्हणजे भांडं लहान आहे.

अजून नेमकं हवं असेल तर प्लगमधे लावायचा वीज मोजायचा मीटर मिळतो, तो लावून चार्ज करा. भिंतीतून जेवढी वीज गेली त्यातली साधारण ८५ टक्के बॅटरीत पोचते, बाकी चार्जर गरम होण्यात जाते. २८० ची बॅटरी रिकामी असताना मीटरवर ०.३३ युनिटच्या आसपास दिसायला पाहिजे. ०.२ दिसलं तर दुकानात परत जा, आणि मीटरचा फोटो सोबत ठेवा, फोटो असला की बोलणं सोपं जातं.

मल्टीमीटर

साधा मल्टीमीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी वायर वजाला, लाल अधिकला, आणि दोन टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, या बॅटरीत ठिणगी पाडायची भरपूर ताकद असते. पहिल्यांदा करताना माहीतगार माणूस शेजारी असू द्या.

पूर्ण चार्ज झाल्यावर तासाभराने मोजा. ३६ व्होल्टची बॅटरी ४१.५ ते ४२ दाखवायला हवी. दिवा हिरवा असूनही ४०.५ वगैरे दिसत असेल तर आतल्या सेलचा एखादा गट कमजोर झालाय, तो बाकीच्यांच्या आधी भरतो आणि बीएमएस सगळंच चार्जिंग थांबवते. मग बॅटरी सायकलवरून काढून दोन-तीन दिवस नुसती ठेवा आणि परत मोजा. एक-दोन दशांश कमी होणं ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर उतरली तर आत काहीतरी वीज खातंय किंवा एखादा सेल खराब होत चाललाय. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याला सांगा की बॅटरी पूर्ण चार्ज करून दोन दिवस तशीच ठेवा, मी येऊन मोजते. माणूस खरा असेल तर कुरकुर करणार नाही.

अंदाजासाठी, ३६ ते ३७ च्या मधे आलं की निम्मी संपली समजा, आणि ३०-३१ च्या आसपास सायकल बंद पडते. हँडलवरच्या डिस्प्लेवर बॅटरी दाखवणारी कांडकी बहुतेक वेळा फक्त हा व्होल्टेजच बघून चालू-बंद होतात, म्हणून चढावर दोन कांडकी उडतात आणि उतारावर परत येतात. घाबरायचं कारण नाही, पण किती उडतात याकडे लक्ष ठेवा. तोच पुढचा मुद्दा.

चढावरची परीक्षा

मोजून ठेवलेला व्होल्टेज स्थिर उभ्या बॅटरीचा असतो. खरी परीक्षा ओझं पडल्यावर. बऱ्याच एलसीडी डिस्प्लेमधे सेटिंगमधे जाऊन कांडक्यांच्या जागी व्होल्टेजचा आकडा आणता येतो, ते दुकानदाराकडून करून घ्या. तशी सोय नसेल तर बॅटरी आणि कंट्रोलरच्या मधे बसणारा वॅटमीटर मेकॅनिककडून एक दिवसापुरता लावून घ्या.

मी जे केलं ते सांगते. पौड रोडवरून चांदणी चौकाकडे चढ सुरू होतो तिथे थांबले, डिस्प्लेवर ४०.१. मग पूर्ण असिस्ट लावून चढायला लागले आणि आकडा बघत राहिले, ३८, ३७, ३६, आणि चढाच्या मधोमध ३५.२. म्हणजे जवळपास पाच व्होल्ट बसले. वर पोचून पाय टेकवला तर अर्ध्या मिनिटात परत ३९.६. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, मोटरला नावं नका ठेवू, बॅटरीला दम नाही." आणि तसंच होतं. मी चार महिने मोटर कमजोर आहे असंच समजत होते, कारण बॅटरी निम्मी झाली की चढावर सायकल सरळ बंद पडायची, डिस्प्ले विझायचा, उतरून ढकलत न्यायची, मागून पीएमपीची बस हॉर्न देतेय.

का होतं ते समजून घ्या. प्रत्येक सेलला आतून थोडा विरोध असतो. स्वस्त किंवा म्हाताऱ्या सेलला जास्त. मोटर १२ अ‍ॅम्पिअर मागते तेव्हा त्या विरोधातच व्होल्ट खर्ची पडतात आणि त्याची उष्णता होते. चांगल्या सेलची तीन संचांची बॅटरी पूर्ण ओझ्याला दोन-अडीच व्होल्ट बसते, ते योग्य. चार-पाच बसत असेल तर बॅटरी जुनी झालीये किंवा सेल हलके आहेत. आणि निम्म्या चार्जला ३६ वरून पाच गेले की ३१, तिथे कंट्रोलर बंद करतोच. नंतर मी २.९ एएचच्या ब्रँडेड सेलची ८.७ एएचची बॅटरी बनवून घेतली, त्याच चढावर ती २.२ व्होल्ट बसते. मोटर तीच, कंट्रोलर तोच, आणि सायकल एकदम वेगळी.

ट्रायल घेताना म्हणूनच पूर्ण चार्ज सायकल घेऊ नका. पूर्ण भरलेली असताना सगळ्याच बॅटऱ्या चांगल्या वाटतात. निम्म्या चार्जवर, तुमच्या वजनाने, खऱ्या चढावर ट्रायल मागा.

मोटर: वॅट सोडा, बाकीचं बघा

मोटरवर २५० वॅट लिहिलेलं असतं ते सतत, न तापता देता येणारी ताकद म्हणून. प्रत्यक्षात किती वीज आत जाते ते कंट्रोलर ठरवतो. कंट्रोलर १२ अ‍ॅम्पिअरचा असेल तर ३६ गुणिले १२, म्हणजे ४३० वॅटपर्यंत काही वेळ जातील. म्हणून दोन सायकलींवर २५० च लिहिलेलं असूनही एक सुसाट चढते आणि एक कण्हत चढते. कंट्रोलर किती अ‍ॅम्पिअरचा ते विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर कंट्रोलरच्या स्टिकरवर असतं.

किती ताकद लागते त्याचा हिशोब पण करून ठेवा. मी, सॅक आणि सायकल मिळून ८४ किलो. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १२ च्या वेगाने जायला साधारण १६५ वॅट लागतात. त्यातले ८०-९० माझे पाय देतात, बाकी मोटरने द्यायचे, म्हणजे मोटरला आरामच. पण पाय थांबवले तर सगळे १६५ मोटरवर, आणि चढावर हळू फिरताना मोटर निम्मी नाही तरी तिसरा हिस्सा वीज उष्णतेत घालवते, म्हणून बॅटरीतून २५० उपसले जातात. थ्रॉटलवर चढ चढायची सवय लावून घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगते ते याचसाठी.

इथे घडीच्या सायकलला एक मोठा फायदा आहे. हब मोटर चाकाच्या मधे बसते आणि चाक जितकं लहान तितका तोच पीळ (टॉर्क) रस्त्यावर जास्त जोराने लागतो. ३० न्यूटन-मीटरची मोटर २० इंची चाकात साधारण १२० न्यूटनने ढकलते, तीच २८ इंचीत नव्वदच्याही आत. म्हणजे मोठ्या सायकलच्या लोकांनी "तीस न्यूटन-मीटर फार कमी" असं म्हटलं तर ते त्यांच्यासाठी खरं आहे, तुमच्यासाठी नाही.

आता हाताने करायच्या गोष्टी. चाक उचलून पुढे फिरवा, मग उलटं फिरवा. पुढे मोकळं फिरतं आणि मागे फिरवताना जड जातं, आतून दातांचा खरखर आवाज येतो, तर ती गिअरवाली हब मोटर, आणि हलक्या सायकलला तीच हवी. दोन्ही बाजूंनी सारखंच अडखळत फिरत असेल आणि हब ताटलीएवढा मोठा असेल तर ती डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे आत गिअर नसलेली. ती मजबूत असते, आत झिजायला फारसं काही नसतं, पण जड, आणि बॅटरी संपल्यावर तिला ओढत पॅडल मारणं म्हणजे शिक्षा आहे.

गिअरवाल्या मोटरच्या आत काय असतं ते काकांनी मला एकदा उघडून दाखवलं, दुसऱ्याच कोणाची तरी दुरुस्तीला आलेली होती. मधे लहानसं लोखंडी चाक आणि त्याच्याभोवती पांढऱ्या नायलॉनची तीन दातेरी चाकं, पेढ्याएवढी. ग्रीस काळं पडून एका बाजूला ढकललेलं, आणि तीनपैकी एका चाकाचे चार-पाच दात एका अंगाने झिजून कागदासारखे पातळ झालेले. मालक वजनदार, सकाळ-संध्याकाळ थ्रॉटलवर चढ. नायलॉन तापलं की मऊ पडतं आणि मग दात जातात. बरं यात असं की ती तीन चाकं बदलून मिळतात, मोटर फेकायची गरज नसते. म्हणून विकत घेताना विचारा की या मोटरचे गिअर सुटे मिळतात का. नावाजलेल्या कंपनीची मोटर असेल, उदाहरणार्थ बाफांग, तर सुटे भाग शोधणं सोपं जातं. हबवर काहीच नाव-नंबर नसेल तर मी ती सायकल घेणार नाही.

आवाज ऐकायचा तो चाक हवेत ठेवून, थोडं थ्रॉटल देऊन. एकसारखी घूं चालेल. मधेच टक-टक, किंवा सुरू होताना थरथर आणि आचके, तर आतला सेन्सर, वायर किंवा गिअर यापैकी काहीतरी बिघडलंय. मग दहा मिनिटं चढावर चालवून आणा आणि हबला हात लावा, तळवा तीन-चार सेकंद आरामात ठेवता आला पाहिजे. चटका बसून हात मागे आला तर तुमच्या वजनाला आणि रस्त्याला ती मोटर कमी पडतेय.

मोटर पुढच्या चाकात असेल तर फोर्कजवळ खाली वाकून बघा. मोटर चाक फिरवते तेव्हा एक्सल उलट दिशेने फिरायला बघतो, त्याला अडवायला टॉर्क आर्म नावाची पट्टी लावलेली असते. हलक्या सायकलचा अ‍ॅल्युमिनियमचा फोर्क आणि पट्टी नाही, तर लावून घेतल्याशिवाय चालवू नका, चालत्यात पुढचं चाक निसटणं ही चेष्टा नाही. पावसात पुढची मोटर ओल्या लोखंडी झाकणावर किंवा रंगवलेल्या पट्ट्यावर जरा घसरते पण. मागच्या चाकातली मला जास्त पटते, फक्त पंक्चरला वेळ लागतो. मोटरच्या चाकाला वायरचा कनेक्टर एक्सलजवळ सुटा होतो का ते बघा आणि एक्सलच्या नटाला बसणारा पाना, बहुतेक १८ नंबरचा, बॅगेत ठेवा.

सेन्सर आणि ब्रेक

पॅडलजवळ एक सेन्सर असतो. साधा सेन्सर फक्त पॅडल फिरतंय का एवढंच बघतो, मग मोटर पूर्ण जोरात सुरू होते, पाय थांबवल्यावर क्षणभर चालूच राहते. टॉर्क सेन्सर तुम्ही किती जोर लावताय ते मोजून तेवढीच मदत करतो. घडीच्या लहान चाकाच्या सायकलवर, ट्रॅफिकमधे, हा फरक फार जाणवतो आणि वीजही वाचते. बजेट असेल तर मोठ्या बॅटरीऐवजी यावर पैसे घाला.

ब्रेकचा लिव्हर किंचित दाबला की मोटर लगेच बंद झाली पाहिजे. दोन्ही लिव्हर वेगवेगळे तपासा.

आणि घडी घालताना वायर कुठे दुमडते ते बघा. दहा वेळा उघड-मीट करा, सांध्याजवळ वायर चिमटत असेल तर सहा महिन्यांत तिथेच तुटणार.

कायदा आणि कागद

आपल्याकडे मोटर वाहन नियमांप्रमाणे मोटरची ३० मिनिटांची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ पेक्षा कमी असेल, आणि मान्यताप्राप्त टेस्टिंग एजन्सीने तसं तपासून दिलं असेल, तर ती मोटर वाहन धरली जात नाही, म्हणजे नंबर प्लेट आणि लायसन्स लागत नाही. अशा एजन्सीपैकी एक, एआरएआय, आमच्याच कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. दुकानात त्या सर्टिफिकेटची कॉपी मागा. "लॉक काढून चाळीसने पळवून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा, ब्रेक आणि सांधे त्या वेगासाठी बनवलेलेच नसतात.

बॅटरीच्या सुरक्षेचे कागद त्याहून महत्त्वाचे. हलक्या बॅटऱ्यांना आगी लागायला लागल्यावर न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून यूएल २८४९ (ई-सायकलच्या विजेच्या सुरक्षेचं अमेरिकन मानक) प्रमाणपत्र नसलेल्या ई-सायकली विकायला बंदी केली. आपण बाहेरून मागवलेली सायकल घेत असू तर यूएल २८४९ किंवा युरोपचं ईएन १५१९४ लिहिलंय का ते बघायला काहीच जात नाही. वॉरंटी विचारताना "बॅटरीला दोन वर्षं" एवढ्यावर थांबू नका. किती टक्के क्षमता उरली की बदलून देणार, ते बिलावर लिहून घ्या. चांगली लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांच्या आसपास उतरते, त्याच्या खूप आधी उतरली तर वॉरंटीत यायला हवी.

मेट्रोने किंवा लोकलने न्यायची असेल तर बॅटरीवाली सायकल आत घेतात का ते स्टेशनवर आधी विचारून घ्या. आणि विमानाचा विचारच नको, १६० वॅट-आवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही, आपल्या बहुतेक बॅटऱ्या त्याच्या वर असतात.

पाऊस, ऊन आणि गावाला जाताना

धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगणाऱ्या आयपी रेटिंगमधला दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे शिंतोडे चालतील, ५ म्हणजे पाण्याची धार. आपल्या पावसाळ्याला बॅटरी आणि कंट्रोलर निदान ५ वाले हवेत, आणि तरीही साचलेल्या पाण्यातून हब बुडेल अशी नेऊ नका. भिजून आल्यावर बॅटरी काढून कनेक्टर कोरड्या फडक्याने पुसायचे आणि लगेच चार्जिंगला लावायचं नाही.

उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवू नका. चार्जिंग घराच्या दारात किंवा जिन्याच्या वाटेत करू नका, आणि सगळे झोपल्यावर तर नाहीच. फुगलेला डबा, गोडसर केमिकलसारखा वास, किंवा पडल्यानंतर एका जागी गरम लागणारी बॅटरी परत कधीही चार्ज करायची नाही. धूर यायला लागला तर उचलायला जाऊ नका, माणसांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

महिनाभर गावाला जाणार असाल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका आणि रिकामी पण नको, ३७-३८ व्होल्टवर सायकलपासून सुटी करून, कपाटात, भिंतीजवळच्या गार जागी ठेवा. मी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, ठेवली त्या दिवसाची तारीख आणि व्होल्ट त्यावर लिहिते, आणि परत आल्यावर पहिल्यांदा मीटर लावून शेजारी नवा आकडा. गेल्या मे महिन्यात जाताना ३७.६ लिहिलं होतं, तेवीस दिवसांनी आले तेव्हा ३७.५.